मराठी दूरचित्रवाणी मालिका आणि वृत्तपत्रीय समीक्षा : कालतत्त्वाचा प्रश्न

प्रास्ताविक

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतरच्या पाच दशकांत दूरचित्रवाणी हे मराठी कुटुंबाच्या करमणुकीचे प्रमुख साधन बनले. वर्षाकाठी एखादेच नाटक पाहणाऱ्या घरातही संध्याकाळी सात ते दहा या वेळात मालिका चालू असते. असे असूनही या कलाप्रकाराची समीक्षा मराठी वृत्तपत्रांत नाट्यसमीक्षेप्रमाणे वा चित्रपट-परीक्षणाप्रमाणे स्थिरावली नाही. मालिकांविषयी वृत्तपत्रांनी लिहिले नाही असे नव्हे. उलट पुष्कळ लिहिले. परंतु त्या लेखनात बातमी, कलावंतांची मुलाखत, कथानकातील आगामी वळणाची सूचना आणि थट्टा यांचे प्रमाण मोठे राहिले. विशिष्ट मालिकेचे, कारणे देऊन आणि लेखकाच्या नावानिशी केलेले मूल्यमापन तुलनेने विरळ आढळते.

प्रस्तुत लेखात कौटुंबिक व विनोदी मालिकांविषयीच्या वृत्तपत्रीय मतप्रदर्शनाचा विचार करावयाचा आहे. या मतप्रदर्शनामागील दृष्टी कोठून आली, ती दैनंदिन मालिकेला अपुरी का पडली आणि त्या अपुरेपणाचे परिणाम कोणते झाले, हे तीन प्रश्न येथे घेतले आहेत. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : मराठी समीक्षेने मालिकेला नाटकाच्या पहिल्या प्रयोगाची फूटपट्टी लावली, मालिकेचे सत्त्व मात्र तिच्या दीर्घ कालावधीत असते. त्यामुळे समीक्षकाने एकतर फार लवकर निर्णय दिला, नाहीतर एका मालिकेऐवजी संपूर्ण प्रकारावरच निकाल देऊन टाकला. या रिकाम्या जागेत मूल्यनिर्णयाचा अधिकार प्रेक्षकसंख्येच्या आकड्याकडे गेला, आणि टीकेचा रोख मालिकेऐवजी ती पाहणाऱ्या स्त्रीकडे वळला.

नाट्यसमीक्षेचा वारसा

मराठी वृत्तपत्रीय कलासमीक्षेचे बळकट अंग म्हणजे नाट्यसमीक्षा. माधव मनोहर, ज्ञानेश्वर नाडकर्णी, ‘महाराष्ट्र टाइम्स’मधून लिहिणारे कमलाकर नाडकर्णी आणि जयंत पवार, ‘लोकसत्ता’तून लिहिणारे रवींद्र पाथरे अशा समीक्षकांनी नाटकाविषयीच्या मतांना वजन मिळवून दिले. या समीक्षेला एक व्यावहारिक चौकट होती. नाटकाचा शुभारंभाचा प्रयोग मुंबईत वा पुण्यात होई, काही दिवसांत परीक्षण छापून येई आणि नंतर नाटक दौऱ्यावर निघे. नाशिकच्या महाकवी कालिदास कलामंदिरात ते नाटक लागेपर्यंत येथील रसिकाने परीक्षण वाचलेले असे. तिकिटाचे पैसे खर्च करावेत की नाही, हा निर्णय त्याला घ्यावयाचा असे आणि समीक्षक त्याला त्या कामी मदत करी.

चित्रपटाच्या बाबतीतही हेच घडले. नाशिकला याचा खास परिचय आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांच्या या जिल्ह्यातून, ‘गावकरी’ समूहाच्या वतीने ‘रसरंग’ हे साप्ताहिक निघत असे. चित्रपट आणि क्रिकेट या दोन विषयांवर त्याने वाचकवर्ग तयार केला. इसाक मुजावर यांच्यासारख्या चित्रपट-अभ्यासकाचे नाव या साप्ताहिकाशी जोडलेले आहे. मुंबईबाहेरील एखाद्या शहरातून करमणुकीच्या माध्यमाविषयी नियमित व गंभीर लेखन होऊ शकते, याचे हे ठळक उदाहरण होय.

मालिकेच्या वाट्याला ही चौकट आली नाही. मालिका घरात येते. तिच्यासाठी वेगळे तिकीट काढावे लागत नाही. ‘पाहावी की न पाहावी’ या प्रश्नाचे उत्तर प्रेक्षक दूरनियंत्रकाच्या एका कळीने देतो. परीक्षणाचा व्यावहारिक उपयोगच उरला नाही म्हटल्यावर संपादकाच्या दृष्टीने त्याची निकड कमी झाली. पण मालिकेसाठी प्रेक्षक पैशांपेक्षा मोठी किंमत मोजतो. तो आयुष्यातील वेळ देतो. या किमतीचा हिशेब मांडणे हे समीक्षेचे काम होते.

साप्ताहिक मालिका आणि समीक्षकाची सोय

दूरदर्शनच्या काळात ही अडचण तितकी जाणवली नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई केंद्रावरून चिं. वि. जोशी यांच्या कथांवर आधारित ‘चिमणराव’ प्रसारित झाली. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ प्रेक्षकांच्या मनात घर करून राहिले. या मालिकेविषयी बोलताना समीक्षकापाशी एक आधार होता : मूळ पुस्तक. रूपांतर मूळ विनोदाशी कितपत इमान राखते, चिमणरावाचा भाबडेपणा अभिनयात कसा उतरतो, असे ओळखीचे प्रश्न त्याला विचारता येत. पुढे ना. धों. ताम्हनकरांच्या ‘गोट्या’वरील मालिकेलाही हाच आधार मिळाला.

दूरदर्शनवरील अनेक मालिका आठवड्यातून एकदा आणि तेरा भागांच्या हिशेबाने प्रसारित होत. तेरा भाग म्हणजे तीन महिने. एवढ्या अवधीत आरंभ, मध्य आणि अंत असलेली रचना समीक्षकाच्या दृष्टिपथात येई. ‘अल्फा टीव्ही मराठी’ ही वाहिनी १५ ऑगस्ट १९९९ रोजी सुरू झाली. तिच्या आरंभकाळात प्रतिमा कुलकर्णी यांनी लिहिलेली व दिग्दर्शित केलेली ‘प्रपंच’ आली. समुद्रकाठच्या घरातील एकत्र कुटुंबाची ही मालिका मर्यादित भागांची होती, तिला एक लेखणी होती आणि एक दृष्टी होती. अशा मालिकेचे मूल्यमापन एखाद्या नाटकाप्रमाणे करणे शक्य होते. ‘प्रपंच’चा उल्लेख आजही आदराने होतो. या आदरात मालिकेच्या गुणांचा वाटा मोठा आहेच. पण ती समीक्षेच्या जुन्या चौकटीत बसणारी होती, ही गोष्टही त्यात आहे.

दैनंदिन मालिकेचे गणित

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘दामिनी’ने मराठीत रोजच्या मालिकेची सवय लावली. तिची नायिका पत्रकार होती, हा एक बोलका योगायोग म्हणावा लागेल : वृत्तपत्रातील स्त्री मालिकेची नायिका झाली, पण मालिका वृत्तपत्रीय समीक्षेचा विषय झाली नाही. २००० मध्ये ‘ई टीव्ही मराठी’ आली आणि उपग्रह वाहिन्यांच्या स्पर्धेत दैनंदिन मालिका हा मुख्य प्रकार बनला.

येथे थोडे गणित मांडणे उपयुक्त ठरेल. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळता सुमारे २२ मिनिटांचा मजकूर असतो. आठवड्याला सहा भाग धरल्यास १३२ मिनिटे होतात. म्हणजे दर आठवड्याला जवळजवळ एका दोन अंकी नाटकाइतका ऐवज. वर्षाला तो ११० तासांच्या पुढे जातो. ‘ई टीव्ही मराठी’वरील ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ ते २०१३ या काळात चालली आणि तिचे ३,००० हून अधिक भाग झाले. ती सलग पाहावयाची म्हटल्यास रोज आठ तासांप्रमाणे साडेचार महिने लागतील. कोणत्याही वृत्तपत्रीय समीक्षकाकडून अशी अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. परिणामी समीक्षकाने सोयीचा मार्ग पत्करला. पहिल्या आठवड्यातील काही भाग पाहून ‘नवी मालिका’ या सदरात चार ओळी लिहिल्या गेल्या. त्यानंतर मालिकेचे नाव पुन्हा आले ते पाचशेव्या भागाच्या समारंभाच्या किंवा कलाकार बदलल्याच्या बातमीत.

पहिल्या आठवड्यातील मालिका ही मालिका नव्हेच. तो तिचा प्रस्ताव असतो. नेपथ्य ताजे असते, पात्रांची ओळख व्हायची असते, संवाद घासूनपुसून लिहिलेले असतात. मालिकेची खरी परीक्षा सहाव्या महिन्यात, दुसऱ्या वर्षी होते. मूळ कथा संपल्यानंतर लेखक काय करतो, दुय्यम पात्रांना आयुष्य देतो की केवळ कारस्थाने देतो, हे तेव्हा कळते. मालिकांच्या श्रेयनामावलीत ‘कथाविस्तार’ असे स्वतंत्र श्रेय दिले जाते. मराठी साहित्यसमीक्षेत या शब्दाला स्थान नाही. पण मालिकेच्या कलेचे मर्म त्यातच आहे. कथा एकाची असते, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. आणि विस्तार हे स्वतंत्र कौशल्य असते. वृत्तपत्रीय समीक्षेने अभिनयाची दखल घेतली, वेशभूषेची चर्चा केली. विस्ताराची चिकित्सा मात्र क्वचितच केली.

‘सासू-सून’ नावाचा निकाल

काळाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे समीक्षेत दुसरी एक सवय शिरली. ‘स्टार प्लस’वर जुलै २००० मध्ये ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाल्यानंतर ‘सासू-सुनेच्या मालिका’ हा शब्दप्रयोग रूढ झाला आणि मराठी मालिकाही त्याच गाठोड्यात बांधल्या गेल्या. त्यानंतर एखाद्या मालिकेचा स्वतंत्र विचार करण्याची गरज उरली नाही. रविवारच्या पुरवण्यांतील विनोदी सदरांनी भरजरी साड्या, झोपतानाही उतरत नसलेले दागिने आणि एका वाक्यावर तीन वेळा वळणारा कॅमेरा यांची भरपूर थट्टा केली. ही थट्टा निराधार नव्हती. पण ती विशिष्ट कृतीची थट्टा नव्हती.

उपहास ही समीक्षेची कनिष्ठ जात आहे असे मानण्याचे कारण नाही. जयवंत दळवी यांनी ‘ललित’ मासिकातून ‘ठणठणपाळ’ या नावाने मराठी साहित्यव्यवहाराचा जो उपहास केला, तो लेखक आणि पुस्तके नावानिशी घेऊन केला. त्यामुळे त्यात चिकित्सा टिकून राहिली. इंग्लंडमध्ये क्लाइव्ह जेम्स यांनी १९७२ ते १९८२ या काळात ‘द ऑब्झर्व्हर’मध्ये दूरचित्रवाणीवर साप्ताहिक स्तंभ लिहिला. त्यांचे लेखन अतिशय विनोदी होते. पण ते आधी कार्यक्रम पाहत आणि मग हसत. भारतीय इंग्रजी पत्रकारितेत अमिता मलिक (१९२१-२००९) यांनी नभोवाणी व दूरचित्रवाणीच्या समीक्षेला दीर्घकाळ वाहून घेतले. मराठीत मालिकांच्या वाट्याला ठणठणपाळ आला नाही; आला तो सर्वसाधारण टवाळीचा सूर.

या टवाळीत ‘रिकामटेकड्या बायका मालिका पाहतात’ हा समज पुष्कळदा गृहीत धरलेला असे. वस्तुतः संध्याकाळची वेळ ही बहुतेक घरांत स्त्रीच्या कामाची वेळ असते. पोळ्या लाटता लाटता, मुलांचा अभ्यास घेता घेता ती मालिका ऐकते आणि अधूनमधून पाहते. संवादांतील पुनरुक्ती, पार्श्वसंगीताचा ठोका, आदल्या भागाची उजळणी या गोष्टी समीक्षकाला दोष वाटतात. परंतु त्यांचे मूळ या पाहण्याच्या पद्धतीत आहे. नाट्यगृहाच्या अंधारात एकाग्र बसलेला प्रेक्षक डोळ्यांसमोर ठेवून या तंत्राचा निवाडा करणे योग्य ठरणार नाही. दोष ते दोषच. पण ते कोणत्या गरजेतून आले हे न सांगता दिलेला निकाल अपुरा राहतो.

याचा अर्थ मालिकांना माफी द्यावी असा नाही. ‘झी मराठी’वरील ‘होणार सून मी ह्या घरची’ (२०१३-२०१६) या मालिकेत नायिका जान्हवीचे गरोदरपण इतके लांबले की समाजमाध्यमांवर त्यावरील विनोदांचा पूर आला. या घटनेकडे करमणूक म्हणून पाहिले गेले; परंतु समीक्षेच्या दृष्टीने ती लक्षणीय आहे. मालिकेतील काळ आणि प्रेक्षकाच्या आयुष्यातील काळ यांची फारकत झाल्याचे सामान्य प्रेक्षकाने अचूक ओळखले होते. समीक्षकाने वापरावयाचे हत्यार प्रेक्षकाच्या हातात दिसले. फरक इतकाच की प्रेक्षकाने विनोद करून विषय सोडला. त्यातून निकष घडवणे हे समीक्षकाचे काम होते आणि ते राहून गेले.

विनोदी मालिकांना मिळालेला सौम्य न्याय

विनोदी कार्यक्रमांच्या बाबतीत वृत्तपत्रांचा सूर एकदम बदलतो. ‘निखळ’, ‘निर्विष’, ‘सर्वांनी एकत्र बसून पाहावा असा’ ही या स्तुतीतील ठरलेली विशेषणे. चिं. वि. जोशी आणि पु. ल. देशपांडे यांच्या परंपरेमुळे मराठी मध्यमवर्गीय वाचकाला विनोदाविषयी आत्मीयता आहे, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण रचनेचे आहे. विनोदी प्रहसन दहा-पंधरा मिनिटांत पूर्ण होते. समीक्षकाला ते जुन्या सवयीने मोजता येते.

‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ (२००१-२००५) हे या संदर्भातील उत्तम उदाहरण. दिलीप प्रभावळकर यांनी ‘लोकसत्ता’त लिहिलेल्या ‘अनुदिनी’ या सदरातून ही मालिका आली आणि केदार शिंदे यांनी ती दिग्दर्शित केली. म्हणजे वृत्तपत्राच्याच पानावर जन्मलेले कुटुंब पडद्यावर गेले. आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या आणि शलाका या पाच जणांच्या घरात फारसे काही घडत नाही. पण आठवड्यामागून आठवडे त्यांच्या सवयी परिचयाच्या होत जातात आणि त्या परिचयातूनच हसू फुटते. या मालिकेचा विनोद एकेका प्रसंगाचा नाही, सहवासाचा आहे. तिची वाखाणणी ‘स्वच्छ करमणूक’ म्हणून झाली, ती योग्यच होती. पण तिचे यश कालावधीच्या कुशल उपयोगात आहे, आणि म्हणून ती दैनंदिन कौटुंबिक मालिकेची नातलग आहे, हे लक्षात घेतले गेले असते तर दोन्ही प्रकारांसाठी एकच निकष हाती आला असता.

सौम्य न्यायाची दुसरी बाजू अशी की विनोदी कार्यक्रमांतील दोषांकडे डोळेझाक झाली. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’ने ग्रामीण व निमशहरी कलावंतांना मोठे व्यासपीठ दिले. अरविंद जगताप यांनी लिहिलेली आणि पोस्टमनच्या वेशात सागर कारंडे यांनी वाचलेली पत्रे हा त्यातील गंभीर आणि लक्षात राहणारा भाग होता. त्याचबरोबर पुरुषाने साडी नेसून हशा मिळवण्याची युक्ती त्यात वारंवार येत राहिली आणि नव्या चित्रपटांच्या प्रसिद्धीने कार्यक्रमाचा आराखडा व्यापला. पहिल्यांदा ज्या युक्तीला हसू येते ती शंभराव्या वेळी काय करते, हा प्रश्न विनोदाच्या समीक्षेत कळीचा आहे. ‘सोनी मराठी’वर २०१८ पासून गाजलेल्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’लाही तोच विचारावा लागेल. कौटुंबिक मालिकेच्या पुनरुक्तीला टवाळी आणि विनोदाच्या पुनरुक्तीला टाळी, हा दुजाभाव समर्थनीय नाही.

तीन नायिका : एक पर्यायी वाचन

कालतत्त्व ध्यानात घेतल्यास समीक्षा काय करू शकेल, हे एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल. ‘आभाळमाया’ (१९९९-२००३), ‘माझ्या नवऱ्याची बायको’ (२०१६-२०२१) आणि ‘आई कुठे काय करते’ (२०१९-२०२४) या तिन्ही मालिकांच्या मुळाशी एकच प्रसंग आहे : पतीचे दुसऱ्या स्त्रीशी असलेले नाते पत्नीला कळते. ‘सासू-सून’ या शिक्क्याखाली तिन्ही सारख्याच दिसतील. प्रत्यक्षात या तीन मालिकांतून मराठी विवाहसंस्थेविषयीच्या जनमताचा पंचवीस वर्षांचा आलेख मिळतो.

‘आभाळमाया’तील सुधा जोशी प्राध्यापक आहे. तिच्यापाशी शिक्षण, मिळकत आणि सामाजिक स्थान आहे. तिची लढाई मुख्यतः स्वाभिमानाची आहे. सुकन्या कुलकर्णी यांनी ती संयमाने साकारली. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधील राधिका नागपूरकडची. तिची बोली हीच शहरी संसारात तिची उणीव ठरवली जाते. पुढे ती मसाल्यांच्या उद्योगातून उभी राहते. मूळच्या नाशिकच्या असलेल्या अनिता दाते यांनी ती भाषा पेलली. राधिकेचा उद्योग तीनशे कोटींचा झाल्यावर मालिकेची यथेच्छ थट्टा झाली. ती थट्टा रास्त होती. पण घरकामातील कौशल्याला बाजारभाव मिळावा, ही प्रेक्षक स्त्रीची इच्छा त्या अतिशयोक्तीतून व्यक्त होते, हेही नोंदवावयास हवे होते. ‘आई कुठे काय करते’ ही बंगाली ‘श्रीमयी’वर आधारलेली मालिका. मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती पंचवीस वर्षांच्या संसारानंतर घटस्फोट घेते आणि पुढे पुनर्विवाहही करते. मुले मोठी झालेल्या गृहिणीचा पुनर्विवाह रोज संध्याकाळी घराघरांत दाखवला जाणे आणि प्रेक्षकांनी तो स्वीकारणे, ही मराठी करमणुकीच्या इतिहासातील दुर्लक्षित राहू नये अशी घटना होय.

त्याच मालिकेत दुसरी गोष्टही दिसते. अरुंधती स्वतंत्र होते, पण कथाविस्ताराच्या गरजेपोटी ती पुनःपुन्हा देशमुखांच्या उंबरठ्याशी आणली जाते. पुरोगामी आशय आणि प्रतिगामी विस्तार यांचा हा झगडा आहे. पहिल्या आठवड्यातील परीक्षणात तो दिसणे शक्य नाही आणि सरसकट टवाळीतही तो सापडत नाही. तो पाहण्यासाठी मालिकेकडे ठराविक अंतराने परत जावे लागते.

रिकामी जागा आणि आकड्यांचे राज्य

समीक्षेने सोडलेली जागा रिकामी राहिली नाही. तेथे प्रेक्षकसंख्येचे मोजमाप आले. ‘बार्क’ या संस्थेने २०१५ मध्ये मोजणी सुरू केली आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात ग्रामीण घरांचा तीत समावेश झाला. त्यानंतर कोल्हापूरची ‘तुझ्यात जीव रंगला’ (२०१६) आणि साताऱ्याची ‘लागिरं झालं जी’ (२०१७) यांसारख्या मालिकांनी पुणे-मुंबईबाहेरील बोली मुख्य वेळेत आणल्या. हा बदल समीक्षकांच्या आग्रहातून आलेला नव्हता. आकड्याने केलेले हे चांगले काम मान्य करावेच लागेल. मात्र किती जणांनी पाहिले एवढेच आकडा सांगतो. का पाहिले, पाहताना कोणता आनंद मिळाला, कोणता कंटाळा सोसला, हे त्याला कळत नाही.

याच जागेत निषेधही येतो. २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू होताच कोकणाची प्रतिमा आणि अंधश्रद्धा या मुद्द्यांवर आक्षेप घेतले गेले. आक्षेप घेण्याचा हक्क समाजाला आहे. पण निषेध ‘मालिका बंद करा’ म्हणतो आणि आकडा ‘चालू ठेवा’ म्हणतो. मालिका कशी असावी हे दोघेही सांगत नाहीत. ते सांगणारा तिसरा आवाज समीक्षेचा असतो.

नाशिकच्या दृष्टीने ‘अग्निहोत्र’चे उदाहरण पाहता येईल. नोव्हेंबर २००८ मध्ये ‘स्टार प्रवाह’ सुरू झाली, तेव्हाच्या मालिकांपैकी ही एक. सतीश राजवाडे यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेत नाशिकचा वाडा, विखुरलेले अग्निहोत्री कुटुंब आणि आठ गणपतींचा शोध होता. वाडे पडून तेथे सदनिका उभ्या राहण्याच्या काळात एका वाड्याला नायकपद देणारी ही मालिका येथील वाचकांच्या जिव्हाळ्याची होती. शहराचे चित्रण कितपत खरे, वाड्याचा वारसा म्हणजे केवळ स्मरणरंजन की नात्यांची फेरमांडणी, असे प्रश्न येथील समीक्षेने दीर्घकाळ लावून धरावेत असा तो विषय होता. २०१९ च्या अखेरीस सुरू झालेले तिचे दुसरे पर्व काही महिन्यांतच थांबले. पहिले पर्व का टिकले आणि दुसरे का टिकले नाही, याची चिकित्सा करण्याचा अधिकार ‘रसरंग’च्या गावाला नक्कीच होता.

दोन आक्षेप

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की मालिका ही कलाकृतीच नव्हे. आकड्यांनुसार कथानक वळवणाऱ्या उत्पादनाची समीक्षा कशी करावयाची? याचे उत्तर मराठी साहित्याच्या इतिहासात आहे. ह. ना. आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ या त्यांच्याच साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. आठवड्याच्या हप्त्याने लिहिणे, वाचकाची उत्सुकता टिकवणे, पानांची गरज भागवणे ही बंधने तिलाही होती. त्यामुळे तिच्या वाङ्मयीन दर्जाला बाध आला असे कोणी म्हणत नाही. हप्त्यांनी सांगितलेली गोष्ट निकृष्टच असते हा नियम नव्हे. म्हणून तिची परीक्षा घ्यावी लागते. अमेरिकेत ‘द न्यू यॉर्कर’च्या एमिली नुसबाम यांना २०१६ चे पुलित्झर पारितोषिक दूरचित्रवाणी समीक्षेसाठी मिळाले, हेही येथे लक्षात घ्यावे. अर्थात तेथील मालिका बहुधा ‘पर्वां’त विभागलेल्या असतात; मराठी दैनंदिन मालिकेला असे थांबे नसतात. त्यामुळे ती पद्धत जशीच्या तशी उचलून चालणार नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. तो खरा आहे, पण उत्तर अवघड नाही. समीक्षकाने प्रत्येक भाग पाहण्याची आवश्यकता नाही. आरंभी, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि समाप्तीला प्रत्येकी एक सलग आठवडा पाहिला तरी मालिकेच्या विस्ताराचे चित्र उभे राहते. त्याला निष्ठावान प्रेक्षकांशी केलेल्या संभाषणाची जोड दिल्यास मधले दुवे मिळतात. समाप्तीचे परीक्षण ही तर मराठीत जवळजवळ न आढळणारी गोष्ट आहे. नाटकाची समीक्षा पहिल्या प्रयोगानंतर होणे जितके स्वाभाविक, तितकेच मालिकेची समीक्षा शेवटच्या भागानंतर होणे स्वाभाविक मानले पाहिजे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. मालिकांविषयीचे वृत्तपत्रीय लेखन विपुल असले तरी त्यात मूल्यमापनाचा भाग अल्प आहे. नाट्यसमीक्षेची पहिल्या प्रयोगाची चौकट मर्यादित भागांच्या मालिकांना पुरली. दैनंदिन मालिकेला ती अपुरी पडली.

२. ‘सासू-सून’ यासारख्या सरसकट शिक्क्यांमुळे मालिकामालिकांतील भेद पुसले गेले आणि टीका कृतीवर होण्याऐवजी प्रेक्षक स्त्रीच्या अभिरुचीवर झाली.

३. कौटुंबिक मालिकांना कठोर व विनोदी कार्यक्रमांना सौम्य न्याय मिळाला. पुनरुक्ती आणि कालावधीचा उपयोग हा दोन्ही प्रकारांना समान लागू पडणारा निकष होऊ शकतो.

४. ‘कथाविस्तार’ ही संज्ञा मालिका-समीक्षेच्या केंद्रस्थानी आणणे आणि ठराविक टप्प्यांवर पुनर्परीक्षण करणे, ही व्यवहार्य पद्धत आहे.

वृत्तपत्रांतील जागा आक्रसत असताना ही जबाबदारी केवळ पत्रकारांवर टाकून भागणार नाही. महाविद्यालयांतील मराठी व जनसंवाद विभागांत चित्रपट-परीक्षण आणि नाट्यपरीक्षण हे लेखनप्रकार शिकवले जातात. त्यांत मालिका-परीक्षणाची भर घालणे कठीण नाही. वर्गातील विद्यार्थिनींपैकी अनेकींनी एखादी मालिका चार-चार वर्षे आईच्या शेजारी बसून पाहिलेली असते. कोणत्याही समीक्षकापेक्षा त्यांच्यापाशी या विषयाची सामग्री अधिक आहे. तिला निकषांची जोड देणे हे अध्यापकाचे काम होय. जी गोष्ट लाखो घरांत रोज सांगितली जाते, तिच्याविषयी विवेकाने बोलण्याची भाषा त्या घरांतील मुलींना मिळाली, तर मराठी समीक्षेचा हा अनुशेष भरून निघण्यास प्रारंभ होईल.